मूठ आणि स्पीडी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर खाली आलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘सँड टेस्टिंग, जून १९९३ ते मार्च १९९५’. उघडलं तर पानांच्या बेचक्यातून काळी भुकटी मांडीवर सांडली. ती आमच्या फाउंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्याची, साच्यांची वाळू होती, बेंटोनाइट नावाची चिकट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली. इतकी वर्षं पानांत तशीच बसून राहिली होती. मग काय, शिडीशेजारी फरशीवर बसले आणि दुपारपर्यंत एक डबासुद्धा जागचा हलवला नाही.

रकाने तेच. तारीख, वेळ, ओलावा, ताकद, पर्मिएबिलिटी म्हणजे वाळूतून हवा किती निसटते ते, कॉम्पॅक्टेबिलिटी म्हणजे वाळू किती दबते ते. निम्म्या रजिस्टरनंतर मात्र उजवीकडे पेन्सिलीनं आखलेला एक जादा रकाना सुरू होतो. त्याच्यावर एकच शब्द आहे, ‘मूठ’. हा रकाना कंपनीनं दिलेला नव्हता, मी आखला होता. कशासाठी, ते मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झाले आणि १९९३ च्या जूनमध्ये शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लॅबमध्ये लागले. पहिल्या दिवशी वडील केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसच्या, स्टॉपपर्यंत सोडायला आले होते. कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, सांगली फाटा, मग शिरोली. बस पुलावर आली की सगळ्यांच्या माना आपोआप पाण्याकडे वळायच्या. पावसाळ्यात तर बसमध्ये दुसरा विषयच नसायचा. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं? ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे आकडे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

फाउंड्रीत कुणी कुणाला नावानं हाक मारत नव्हतं. मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, मिस्त्री, भट्टीवर मामा, स्टोअरला अण्णा, कोअर शॉपमध्ये मावशी, आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, फॉरवर्ड. मी ताई. पगाराच्या दिवशी सही करताना एकमेकांची खरी नावं कानावर पडायची आणि ती परक्या माणसांची वाटायची. म्हणून इथंही त्यांना त्याच हाकांनी बोलावते.

मिस्त्री तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असतील. उद्यमनगरात पोरवयात लागलेले, आधी वाळू चाळायला, मग उस्तादाच्या हाताखाली जमिनीवरच्या मोल्डिंगला. शाळा दुसरीपर्यंत. आकडे वाचता यायचे, अक्षरं जुळवताना अडखळायचे. पण कोल्हापूरच्या कारागिरांचा त्यांना विलक्षण अभिमान. “बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, ताई. बाहेरनं आणला न्हाई,” हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जणू तो कॅमेरा करताना ते शेजारी स्क्रू धरून उभे होते.

रोज सकाळी मिक्सरमधून पहिली वाळू पडली की ते मूठभर उचलायचे, आवळायचे, आणि अंगठ्यानं तो गोळा मधोमध मोडायचे. मोडलेली कड बघायची, तळहात बघायचा, दोन्ही तुकडे परत ढिगात. एवढीच त्यांची टेस्ट. तीच वाळू मी डब्यात घेऊन लॅबमध्ये जायची. स्पीडी म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र. बंद बाटलीसारखं भांडं, त्यात तोलून वाळू आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड टाकायची, झाकण आवळून हलवायचं. वाळूतलं पाणी आणि कार्बाइड यांचा ॲसिटिलीन गॅस होतो, त्याच्या दाबानं तळाच्या तबकडीवरचा काटा फिरतो. काटा दाखवेल तेवढे टक्के पाणी. ताकदीसाठी रॅमरचे बरोबर तीन ठोके देऊन ५० मिलिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची वाळूची कांडी करायची आणि ती दाबून मोडायची. सगळं कसं आकड्यात. पुस्तकात शिकलेलं पहिल्यांदाच हातात आलं होतं, त्यामुळं मला त्या काट्याचा फार विश्वास.

मी बाहेर आले की मिस्त्री विचारायचे, “काय ताई, आज किती?”

“तीन पॉइंट चार.”

“बराबर,” म्हणायचे, किंवा नुसती मान हलवायचे. माझे आकडे ऐकून ऐकून त्यांनी आपल्या मुठीला टक्क्यांची भाषा शिकवली होती.

१९९४ च्या जुलैमधली ती सकाळ. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, लॅबच्या भिंतींना ओल आलेली. काटा ३.२ वर थांबला. मिस्त्रींनी गोळा मोडला, कड बघितली आणि म्हणाले, “न्हाई ताई. साडेचार हाय. लई ओली हाय.” मी परत टेस्ट केली. परत ३.२. मी सुपरवायझरला ३.२ सांगितलं. यंत्र आणि मूठ यात त्यांनी यंत्राचं ऐकलं, जे कुणीही ऐकलं असतं. साच्यांचे बॉक्स वाळूनं भरले, दुपारी पोअरिंग झालं.

साच्यात चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड शिरतं तेव्हा वाळूतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाळूतून निसटली तर ठीक, नाहीतर लोखंडातच अडकते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, पण हातोडीनं टोचलं की आत पोकळी. ब्लोहोल. दुसऱ्या दिवशी फेटलिंगला पंपाच्या ८६ बॉडी बाजूला निघाल्या. आकडा रजिस्टरमध्ये लाल शाईनं आहे, माझ्याच हातचा.

पण कारण मला त्याच्या आधीच कळलं होतं. पोअरिंगच्या दिवशीच दुपारी कार्बाइडचा डबा हातात घेतला तर पूड भुरभुरीत, पांढरट झालेली. आदल्या संध्याकाळी केएमटी चुकेल म्हणून मी घाईत निघाले होते आणि डब्याचं टोपण लावलेलंच नव्हतं. पावसाळी हवेत रात्रभर उघडं राहिलेलं कार्बाइड हवेतलं पाणी पिऊन मरतं, मग वाळूतल्या पाण्यासाठी त्यात जोर उरत नाही. काटा कमी दाखवतो. मी तो डबा मागच्या बाजूला नेऊन टाकला, नवा फोडला, आणि गप्प बसले. बॉक्स तेव्हा भरून झाले होते. भट्टी पेटलेली होती. तरी सांगायला हवं होतं.

मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावणं आलं. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, “सायेब, मिक्सरचा पाण्याचा कॉक माझ्याकडनं जास्त सुटला. टेस्टिंगनंतर.” त्या महिन्याचा त्यांचा हजेरी बोनस कापला गेला. मी खाली मान घालून उभी होते. मला वाटलं, खरंच तसं झालं असेल का? असं मनाला विचारून मी तिथून सुटका करून घेतली. आठवड्यानं रजिस्टरवर पेन्सिलीनं तो रकाना आखला. त्या दिवशीच्या ओळीत ‘४.५’ लिहिलं आणि पुढं रोज, माझा आकडा बाहेर सांगायच्या आधी, त्यांना विचारून त्यांचा लिहीत गेले.

परवा फरशीवर बसून मी ते दोन्ही रकाने ओळीनं बघितले. तो जुलैचा दिवस सोडला तर ०.३ पेक्षा जास्त फरक मोजून नऊ वेळा. त्या नऊही दिवशी जुन्या वाळूत बारीक धूळ वाढलेली होती, शेजारी माझ्याच नोंदी आहेत. खूप नंतर मला उमगलं ते हे. स्पीडी पाणी मोजायची. मिस्त्रींची मूठ त्या वाळूला तेवढं पाणी पुरतंय का, ते मोजत होती. मातीचा अंश आणि धूळ वाढली की तेच ३.४ कोरडं पडतं. कॉम्पॅक्टेबिलिटी नावाची जी टेस्ट मी मागाहून मन लावून करायला लागले, ती हा माणूस दुसरी शिकून तळहातावर करत होता.

कोअर शॉपचं सांगायचं तर आधी वास सांगावा लागेल. तेव्हा आमच्याकडे जवसाचं तेल आणि साखर कारखान्यातली मळी घालून कोअर करायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. ओव्हनचं दार उघडलं की गुऱ्हाळावर काहील उतरवल्यासारखा वास सगळ्या शेडमध्ये. चार मावश्या तिथं बसायच्या. पंपाच्या आतला पोकळ वळणदार भाग ज्याच्यामुळं तयार होतो तो कोअर कच्चा असताना बिस्किटापेक्षा नाजूक असतो, आणि या बायका तो तळहातावर घेऊन गप्पा मारत चालत यायच्या. “मी आलो गं,” “मी जातो गं,” असं आपलं कोल्हापुरी बोलणं. पुण्याहून आलेल्या एका ट्रेनी पोरीला वाटलं पुरुष बोलतायत, ती वळून बघत राहिली. थोरल्या मावशी मला डब्यातली भाकरी दिल्याशिवाय राहायच्या नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा या चौघींनी वर्गणी काढून हिरवा चुडा आणला होता. त्यांचा रोज किती होता ते मला माहीत होतं, कारण हजेरीचं पुस्तक कधीकधी मी लिहायची. म्हणून तो चुडा मी अजून ठेवलाय.

त्या बायकांसाठी आणि माझ्यासाठी कारखान्यात स्वच्छतागृह नव्हतं. हे आज लिहितानासुद्धा राग येतो. आम्ही दिवसभर पाणीच कमी प्यायचो, भट्टीच्या उष्णतेत. वर कुणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं तरी हसण्यावारी जायचं. स्टोअरचे अण्णा निपाणीकडचे. पेन्सिलीचा तुकडा परत घेतल्याशिवाय नवी पेन्सिल द्यायचे नाहीत, जुना हातमोजा दाखवल्याशिवाय नवा नाही. याच अण्णांनी एका एप्रिलमध्ये ‘स्टोअर शेड विस्तार’ म्हणून मागणीपत्र लिहिलं. विटा आल्या, पत्रा आला, आणि कोअर शॉपच्या मागं बांधून उभं राहिलं ते आमचं स्वच्छतागृह. कडीची किल्ली त्यांनी थोरल्या मावशींच्या हातात दिली आणि परत स्टोअरमध्ये जाऊन बसले. त्याबद्दल पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत.

भट्टीचे मामा चिखलीचे. क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायची उभी भट्टी, चालवायचे. कोक, चुनखडी, पिग आयर्न, भंगार, कशाचा थर कधी टाकायचा हे त्यांचं त्यांना. हवेच्या नळीवरच्या काचेतून एक डोळा लावून आतला रंग बघायचे. लोखंडाची छोटी पाचर ओतून, गार करून, हातोडीनं मोडायची आणि टोकाची पांढरी पट्टी बघायची. पट्टी रुंद असली, म्हणजे लोखंड फार कडक होणार असलं, की फेरोसिलिकॉन वाढवा म्हणायचे. माझ्या लॅबचं ॲनालिसिस येईपर्यंत त्यांचं काम झालेलं असायचं. दोघांचं जुळलं की दिवसभर खूश. पहाटे गंगावेशीत कट्ट्यावर उभ्याउभ्या धारोष्ण दूध प्यायल्याशिवाय भट्टीला हात लावायचे नाहीत.

आणि संध्याकाळी भट्टीचा तळ पाडायचा प्रसंग. तळाच्या लोखंडी दारांचा टेकू साखळीनं ओढायचा, की उरलेला लालबुंद कोक धाडकन खाली. अंधारात सगळी शेड उजळून निघायची. पण त्याच्या आधी मामा एकटे भट्टीखाली वाकून जायचे आणि जमिनीवर उघडा तळहात टेकवून सगळीकडे फिरवायचे. जमीन ओली असेल आणि वितळलेलं लोखंड तिच्यावर पडलं तर स्फोट होतो. रोज वाकायचे. उन्हाळ्यात, मातीला भेगा पडलेल्या असतानासुद्धा. त्यांच्या भट्टीवर इतक्या वर्षांत कुणाला मोठं भाजलं नाही. पुढं विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. काम सोपं झालं, धूर गेला, हे चांगलंच झालं. मामा मात्र तिच्याशेजारी पाहुण्यासारखे उभे राहायचे. “ही नुसती गुणगुणती,” एवढंच म्हणाले.

फॉरवर्ड म्हणजे फेटलिंगचा पोरगा. पेठेतल्या तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळायचा. त्याच्या शेजारी ग्राइंडरवर बसणारा दुसऱ्या पेठेचा, म्हणजे मॅचच्या आठवड्यात दोघांचं बोलणं बंद. मध्ये उभं राहून चहा द्यावा लागायचा. मॅच झाली की जिंकलेल्यानं हरलेल्याला मिसळ खिलवायची, असा त्यांचा करार, आणि तो कधी मोडला नाही. त्याचा गुडघा २००१ मध्ये गेला. कान त्याच्याही आधी जायला लागले होते. दिवसभर लोखंडावर छिन्नी आणि ग्राइंडर, कानात काही नाही, तोंडाला नुसता टॉवेल. आज फोन केला की तो इतक्या मोठ्यानं बोलतो की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागतो. आम्ही लॅबवाल्यांनी वाळूचा एकेक आकडा टिपला. त्या पोरांच्या छातीत जाणाऱ्या धुळीचा रकाना आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता.

२००८ च्या मंदीत गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या. सहा दिवसांचे तीन दिवस झाले, मग रोजंदारीवरच्यांना थांबवलं, मग आमचीही पाळी आली. मार्च २००९. शेवटच्या दिवशी जुनी रजिस्टरं रद्दीत निघालेली बघितली आणि त्यातलं हे एक पर्समध्ये न मावणारं रजिस्टर मी ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

पांगलो, पण तुटलो नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा दहा वर्षं एकत्र काम न केलेली माणसं एकमेकांना फोन करत होती. चिखलीत पाणी शिरायच्या आदल्या दिवशी थोरल्या मावशींच्या मुलानं मामांच्या दोन म्हशी जोतिबाच्या पायथ्याकडं स्वतःच्या गोठ्यात नेऊन बांधल्या होत्या. मामा घर सोडायला तयार नव्हते. म्हशी गेल्यावर तेही निघाले. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले, झोपेत.

रजिस्टर सापडलं त्याच्या पुढच्या रविवारी मी वडणग्याला मिस्त्रींकडं गेले. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेलीय. तोच हात. कॉटवर बसलेले, मला बघून चेहरा उजळला आणि जरा जड जिभेनं म्हणाले, “काय ताई, आज किती?”

मी रजिस्टर त्यांच्या मांडीवर उघडलं. डाव्या हाताचं बोट फिरवत ते पेन्सिलीचे आकडे वाचत गेले. तीन पॉइंट पाच. तीन पॉइंट तीन. मध्येच थांबून, “हे गणपतीच्या आधीचं,” असं तारीख न बघता म्हणाले. मग मी ते जुलैचं पान काढलं आणि सांगून टाकलं. केएमटीची घाई, उघडं टोपण, मागं टाकलेला डबा, केबिनमधली माझी मान. सांगताना आवाज नीट निघत नव्हता.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “टोपण मीच लावलं हुतं की सकाळी. तुझ्या आधी आल्तो. उघडं दिसलं, लावलं. त्यानं काटा चुकतोय हे मला काय ठावं? दुपारी तू डबा टाकायला मागं गेलीस, तवा कळलं.”

“मग केबिनमध्ये…”

“तुला लागून वरीस झालं हुतं.” एवढं बोलायलाही त्यांना दम लागला. “मला कोन काढत हुतं?”

मला पुढं काही सुचलं नाही. रजिस्टर मिटलं तेव्हा माझी बोटं काळी झाली होती, त्यांच्या पांढऱ्या धोतरावरही काळी रेघ उमटली होती. त्यांचं लक्ष माझ्या हातांकडं गेलं. कारखान्यात चारच्या चहाला ते सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गुळानं छातीतला धुरळा खाली जातो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हातावरही रोज ठेवायचे, लॅबमध्ये धूळ नसली तरी.

मिस्त्रींनी आत सुनेला हाक मारली. “अगं, ताई वाळूतनं आलीया. गूळ आन.”